गाणं तं पुरं होऊ द्या जी!

स्पर्धेहून परत आल्यावर तिचा वृत्तांत या पानावर द्यायचा, ही आपल्या शाळेची जुनी पद्धत आहे. तेव्हा आधी तेच सांगून टाकतो. गेल्या डिसेंबरात भोपाळला झालेल्या समूहगीत स्पर्धेत आपल्या शाळेचा नंबर आला नाही. मुलांनी मेहनत घेतली होती, पेटी-तबल्याची साथही जमली होती. पण आपल्याहून चांगले गाणारे तिथे होते आणि परीक्षकांचा निर्णय योग्यच होता. वृत्तांत एवढाच.

पण परतीच्या प्रवासात पांढुर्ण्याला एक रात्र काढावी लागली. त्या रात्रीबद्दल आम्ही तिघे शिक्षक अजूनही मधल्या सुटीत बोलत असतो. विद्यार्थ्यांना, पालकांना आणि विश्वस्त मंडळाला ती सांगावी असे वाटले, म्हणून तिघांनी बसून हे लिहिले आहे.

गाडी तीन तास उशिरा आली. पांढुर्णा स्टेशनवर उतरलो तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. सौंसरला नेण्यासाठी सांगून ठेवलेली गाडी वाटेतच बिघडली होती. "पहाटेशिवाय काही होत नाही," असा चालकाचा फोन आला. अकरा मुले-मुली, तिघे शिक्षक, एक पेटी, तबल्याची जोडी आणि कडाक्याची थंडी! प्रतीक्षालयातल्या फरशीवर बसवेना. शेवटी स्टेशनाबाहेर एका चहाच्या दुकानाशी शेगडी पेटलेली दिसली, तिथे सगळे जाऊन बसलो. मुले हिरमुसलेली होती. कोण कुठे चुकले यावरून त्यांची आपापसांत कुजबुज चालू होती.

दुकानाच्या बाजूला, दिव्याच्या खांबाखाली, एक म्हातारे गृहस्थ खंजिरी वाजवत भजन म्हणत होते. डोक्याला मफलर, अंगावर जुना कोट, पुढे पसरलेला रुमाल आणि त्यावर थोडी चिल्लर. जाणारे-येणारे जात-येत होते. आम्ही त्यांच्याकडे पाहिले असे म्हणता येणार नाही. दिवसभर गाणे गाणे करून आम्हांला गाण्याचाच कंटाळा आला होता.

थोड्या वेळाने आमच्यातले गणिताचे सर उठले. मुलांना जरा डुलकी लागावी, हा त्यांचा हेतू. त्यांनी दहाची नोट काढली, बुवांच्या पुढे धरली आणि म्हणाले, "घ्या बाबा. आता या पुढे."

बुवांनी नोट घेतली नाही. खंजिरी थांबवलीही नाही. कडवे संपवले, ध्रुवपदावर आले आणि मग म्हणाले, "गाणं तं पुरं होऊ द्या जी! मंग द्या पैसे. नाई देल्ले तरी चालते."

मुले एकदम गप्प झाली. आम्हीही झालो. तीन दिवस आम्ही मुलांना सांगत होतो की रंगमंचावर गाणे अर्धवट सोडायचे नाही, काहीही झाले तरी पूर्ण करायचे. आणि इथे आम्हीच एका गाणाऱ्याला अर्ध्यावर उठवायला निघालो होतो. सर हातात नोट घेऊन गाणे संपेपर्यंत तसेच उभे राहिले. संपल्यावर त्यांनी ती रुमालावर ठेवली आणि "चुकलो" म्हणाले. बुवा हसून म्हणाले, "चुकलं कायचं? तुमची लेकरं थकली हायेत. त्याईले जवळ आनून बसवा, इथं ऊब हाय."

अशी आमची ओळख झाली.

खंजिरी आपल्या भागाला नवी नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) हेच साधे वाद्य हातात घेऊन गावोगाव भजने म्हटली. १९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना तुरुंगवास झाला. त्यांनी मराठीत लिहिले तसे हिंदीतही लिहिले. म्हणून सीमेवरच्या आपल्या गावांत त्यांची भजने दोन्ही भाषांत म्हटली जातात. हे सारे आम्ही वर्गात शिकवतो. परंतु ती खंजिरी आमच्यापासून चार हातांवर वाजत असताना आम्ही तिला ओळखले नाही.

मध्यरात्रीनंतर दव पडू लागले तसा खंजिरीचा आवाज बसला. बुवांनी ती शेगडीवर, ज्वाळेपासून हातभर वर धरली आणि गोल गोल फिरवली. चामडे गारव्याने सैल पडते, ऊब लागली की ताणते. दर दोन गाण्यांनी हे करावे लागते, असे त्यांनी मुलांना दाखवले. दुकानदार त्यांच्यासाठी शेगडीची एक बाजू मोकळी ठेवत होता आणि चहाचे पैसे घेत नव्हता.

आमच्या संगीताच्या बाईंनी त्यांना विचारले, "बुवा, इथे कोणी थांबत नाही. मग कुठले गाणे म्हणायचे हे कसे ठरवता?"

त्यांचे उत्तर आम्ही त्याच रात्री वहीत उतरवून घेतले. ते म्हणाले, "बाई, रस्त्यावरच्या गाण्याले सुरुवात नसते अन् शेवटबी नसतो. मानूस कुठूनबी येते अन् कुठूनबी जाते. त्याच्या कानावर वीस पावलं गाणं पडते. त्या वीस पावलांत धृपद एकडाव आलं पायजे. नाई आलं तं त्याले काईच भेटलं नाई." गाडी आली की लोक घाईत असतात, तेव्हा ठेका चढा ठेवायचा. गाडी गेल्यावर जे उरतात ते थकलेले असतात, त्यांच्यासाठी गवळण. जीपची वाट पाहणाऱ्या पोरांसाठी जुने हिंदी सिनेमाचे गाणे. रात्री एकनंतर अभंग. "तवा जो जागा असते त्याले अभंगच लागते," असे ते म्हणाले. आणि डोळे मिटून कधीच गायचे नाही. ऐकणाऱ्याच्या पायांकडे पाहायचे. पाय अडला की समजायचे, गाणे पोचले.

बाई नंतर आम्हांला म्हणाल्या, "आपल्या गाण्याच्या सुरुवातीला आपण दीड मिनिट आलाप ठेवला होता. परीक्षक कागदावर काहीतरी लिहीत होते. आपले कोणाच्या पायांकडे लक्ष होते का?"

एकच्या सुमारास संत्र्याचे ट्रक भरून झालेले हमाल चहाला आले. आंब्या बहाराचे शेवटचे दिवस होते. त्यांच्या अंगाला संत्र्यांचा वास होता. ते मात्र बसले, आणि फर्माईश करू लागले. एका अभंगात बुवा तिसऱ्या कडव्याला अडखळले, तेव्हा एका हमालानेच पुढचे शब्द दिले. आमच्यातल्या मराठी शिकवणाऱ्यांना तो अभंग पाठ होता. पण त्यांना तो चालीवर म्हणता आला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट.

बुवांच्या पिशवीतून एक तुणतुणे डोकावत होते. लाकडी पिंपासारखे छोटे भांडे, तळाला चामडे, बाजूला बांधलेली काठी आणि चामड्यातून निघून खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. मुलांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "हे माह्या साथीदाराचं. दोन साल झाले, गेला तो. एकट्यानं दोन वाद्यं कशी वाजवू? पन घरी ठेवाव वाटत नाई, म्हनून संगं आनतो." मग मुलांकडे वळून म्हणाले, "हाय का कोनी वाजवनारा?"

सगळे एकमेकांकडे पाहून हसले. आणि मागच्या बाजूला बसलेला एक मुलगा उठला. समूहगीतात तो मागच्या रांगेत उभा असतो. वर्गातही मागच्या बाकावर बसतो. त्याने तुणतुणे हातात घेतले, भांडे काखेत धरले आणि वाजवायच्या आधी तार छेडून कान लावला. खुंटी थोडी पिळली. पुन्हा छेडली, पुन्हा पिळली. बुवांनी खंजिरीवर थाप दिली, त्याने मान हलवली आणि मगच सुरू केले.

ज्याला वाजवता येत नाही तो आधी वाजवतो. ज्याला येते तो आधी सूर लावतो. ते पाहून बाईंनी आमच्याकडे वळून पाहिले. त्याच्या मित्रांचे तोंड उघडेच राहिले.

तो पाऊण तास वाजवत होता. त्या पाऊण तासात दोन जीपा प्रवाशांनी भरल्या तरी निघेनात, कारण चालकच ऐकत उभे होते. रुमालावर नोटा पडल्या. पहाटे बुवांनी मोजले तेव्हा १८५ रुपये झाले. त्यांनी त्यातले वीस रुपये त्या मुलाच्या हातावर ठेवले. तो घेईना. "घे रे बाप्पा," बुवा म्हणाले, "हे भीक नोय. साथीचे हायेत."

गाडीत बसल्यावर आम्ही त्याला विचारले, कुठे शिकलास? बराच वेळ तो बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "घरीच आहे, सर." त्याचे वडील गोंधळी. लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ घालायला जातात; संबळ, तुणतुणे, दिवटी सगळे घरात आहे. आणि शाळेच्या प्रवेश अर्जावर, वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिले आहे 'मजुरी'. तो अर्ज आमच्याच टेबलावरून गेला होता. सहा वर्षे तो आपल्या शाळेत शिकतो आहे, आणि संगीताच्या तासाला आम्ही त्याला टाळ्यांचा ठेका शिकवत होतो!

(त्या मुलाचे नाव आम्ही येथे देत नाही. हा मजकूर त्याला व त्याच्या वडिलांना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या संमतीनेच छापत आहोत.)

पुढच्या रविवारी आम्ही त्याच्या घरी गेलो. मनात आनंद होता. मुलाचे कौतुक करावे, स्नेहसंमेलनात त्याला वाजवू द्यावे, असे ठरवूनच गेलो होतो. वडिलांनी चहा दिला, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले,

"गुर्जी, कवतिक करता, बरं वाटलं. पन एक सांगू का? रातभर गोंधळ घालतो तं लोकं पाया पडते. सकाळी त्याच आळीत, दुसऱ्याच्या दारात उभं राह्यलो तं म्हनते, पुढं जा. म्हनून फारमवर मजुरी लिवलं. खोटं नाई ते. मजुरीबी करतोच मी. पोराले पुढं जा म्हननारं कोनी भेटू नये, येवढंच मले वाटते."

गणिताचे सर खाली पाहत होते. 'पुढे जा' हे शब्द आठ दिवसांपूर्वी त्यांच्याच तोंडून निघाले होते. आणि खरे सांगायचे तर त्या रात्री ते उठले नसते, तर आमच्यापैकी दुसरे कोणीतरी उठले असते.

त्या वडिलांची भीती निराधार नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधाचा कायदा आहे. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, खेळ करून पैसे मागणे हेही त्यात भीक मागण्यातच धरले आहे. हाच कायदा दिल्लीला लागू होता. तिथे भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केली. कायद्याच्या पुस्तकात खांबाखालचे बुवा आणि हात पसरणारा माणूस एकाच ओळीत बसतात. मग गावाने वेगळे का समजावे?

आणि हे फक्त आपल्याच गावांत होते असेही नाही. सरांनी पुढच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात एक उदाहरण घातले. १२ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका मेट्रो स्टेशनात जोशुआ बेल हा जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक साधी टोपी घालून वाजवत उभा राहिला. एका वर्तमानपत्राने केलेला तो प्रयोग होता. त्याच्या हातातले व्हायोलिन १७१३ साली बनलेले, लाखो डॉलर किमतीचे होते. ४३ मिनिटांत १०९७ माणसे समोरून गेली. मिनिटभर तरी थांबली अशी किती? सात! पेटीत पडले ३२ डॉलर आणि काही सेंट. सरांनी शेकडेवारी काढायला लावली. शेकडा एकसुद्धा भरले नाही. पण त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. लहान मुले मात्र थांबू पाहत होती, आणि प्रत्येक वेळी आईवडील त्यांचा हात धरून त्यांना पुढे ओढत होते.

वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, पांढुर्ण्याला आपण किती टक्के होतो?" सर म्हणाले, "सुरुवातीला शून्य."

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या, डोक्यावर खापर होते. दिवसा त्यांना वेडा समजून हाकलणारे रात्री समोर बसून ऐकत, असे त्यांच्या चरित्रात वाचतो तेव्हा आपल्याला त्या लोकांचे हसू येते. ते लोक आपणच आहोत, हे आम्हांला कळायला एक गाडी बिघडावी लागली.

त्या वडिलांशी पुन्हा दोनदा बोलणे झाले. आम्ही त्यांना फार समजावले नाही, कारण समजून घ्यायचे ते आम्हीच घ्यायचे होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. शाळेत वाजवू द्या, सगळ्यांसमोर वाजवू द्या. पण बोर्डाच्या वर्षात अभ्यास आधी, आणि मुलगा पुढे काय करणार हे त्याचे त्याने ठरवायचे. आम्हांला हे पटले. बुवाही त्या रात्री निघताना हेच म्हणाले होते: "शिकू द्या त्याले. तुनतुनं कुठं जात नाई."

जानेवारीच्या स्नेहसंमेलनात त्याने तुणतुणे वाजवले हे अनेकांनी पाहिले. वडील मागे भिंतीशी उभे होते. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवण्याचा आम्ही प्रयत्न केला. ते आले नाहीत. संमेलनानंतर मात्र ते कार्यालयात आले आणि अर्जावरच्या 'मजुरी'पुढे 'व गोंधळी' असे लिहून घेतले.

२०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि पांढुर्णा-सौंसर छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, नागपूर त्या बाजूला गेले, आपण या बाजूला राहिलो. तेव्हापासून आपली मराठी कशी टिकेल याची चिंता आपण सभांमधून करतो. ती करायलाच हवी. पण त्या रात्री शाळेतल्या आमच्यापेक्षा जास्त मराठी चाली त्या बुवांना आणि त्या हमालांना येत होत्या. आपली भाषा जिथे राहते त्या जागा आपण पाहून ठेवाव्यात, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणून तीन विनंत्या करतो.

विद्यार्थी मित्रांनो, या सुटीत आपल्या आजी-आजोबांकडून एक गाणे चालीसह शिकून या. ते त्यांना कोणी शिकवले, हेही विचारून लिहून आणा. घरात एखादे वाद्य कापडात गुंडाळलेले असेल तर सांगायला लाजू नका.

पालकहो, रस्त्यात कोणी गात असेल आणि मूल थांबले तर त्याचा हात ओढू नका. दोन मिनिटांनी बस चुकत नाही. चुकली तर दुसरी येते.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती अशी, की स्नेहसंमेलनाच्या खर्चात मंडप, लाउडस्पीकर आणि दिव्यांची तरतूद असते. त्यात गावातल्या एका लोककलावंताच्या मानधनाची ओळ घालावी. बक्षीस नको, मदत नको. मानधन असा शब्द पावतीवर असावा.

फेब्रुवारीत आम्ही निमंत्रण घेऊन मुद्दाम पांढुर्ण्याला गेलो होतो. खांबाखाली कोणी नव्हते. चहावाला म्हणाला, "त्याईचं काई ठरलेलं नाई. मंगळवार-शनिवारी जामसावळीले मारुतीच्या देवळाकडे भेटतीन, नाई तं कोन्या जत्रेत." दोन शनिवार जामसावळीलाही जाऊन आलो. भेट झाली नाही. निमंत्रणाचे पाकीट शाळेच्या कपाटात ठेवले आहे.

वाचकांपैकी कोणाला ते दिसले तर कृपया आमचा निरोप द्यावा. डोक्याला मफलर, हातात खंजिरी आणि पिशवीतून डोकावणारे तुणतुणे, ही खूण. आणि हो, त्या वेळी गाणे चालू असेल तर निरोप ते संपल्यावर द्यावा.

— स्पर्धेला गेलेले तिघे शिक्षक